शर्यत एकच, ऊन वेगळे

पणजीजवळच्या मिरामार किनाऱ्यावर दिवाळीच्या आगेमागे एका रविवारी पहाटे चारपासूनच हालचाल सुरू होते. डोक्यावर रबरी टोप्या, दंडावर काळ्या शाईने लिहिलेले क्रमांक, हातात केळे नाहीतर खजूर. यांतले मोजके जण व्यावसायिक किंवा लष्करी संघांतले खेळाडू असतात. बाकीचे बँकेतले, आयटीतले, दवाखान्यातले, पोलीस दलातले, स्वतःचा धंदा सांभाळणारे लोक. बहुतेकांनी तिशी-चाळिशी ओलांडलेली. पुढच्या काही तासांत त्यांना समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचे, ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावायचे असते. तिन्ही अंतरांची मैलांतली बेरीज ७०.३ होते, म्हणून या शर्यतीला ‘आयर्नमॅन ७०.३’ म्हणतात.

गोव्यात ही शर्यत पहिल्यांदा २० ऑक्टोबर २०१९ रोजी झाली. कोविडमुळे पडलेला खंड सोडला तर ती आता तिथल्या वार्षिक कार्यक्रमांपैकी एक झाली आहे. २०२४ मध्ये खासदार तेजस्वी सूर्या यांनी ती ८ तास २७ मिनिटे ३२ सेकंदांत पूर्ण केली आणि देशभर चर्चा झाली. त्याआधी २०१५ मध्ये मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिचमधली याच्या दुप्पट अंतराची शर्यत १५ तास १९ मिनिटांत पुरी केली, तेव्हापासूनच हा खेळ मराठी घरांत पोहोचला होता. पुणे, कोल्हापूर, नाशिकमध्ये आज ट्रायथलॉनचे गट आहेत, प्रशिक्षक आहेत आणि शर्यत पुरी करणाऱ्याच्या नावापुढे ‘लोहपुरुष’ लावणारे अभिनंदनाचे फलकही आहेत.

व्यायामाकडे वळणारी ही लाट चांगलीच आहे. बैठे काम, मधुमेह आणि वाढता रक्तदाब यांनी घेरलेल्या शहरी मध्यमवर्गात चाळिशीतला माणूस रोज पहाटे उठून पोहतो, धावतो, ही साधी गोष्ट नाही. मात्र सहा महिन्यांचा सराव आणि शर्यतीचा एक दिवस यांचे शरीरावर होणारे परिणाम वेगवेगळे असतात. शर्यतीच्या दिवशी सर्वांत मोठी कसोटी लागते ती मागे राहणाऱ्या हौशी स्पर्धकाची, आणि नेमके त्याच्याबद्दलच सर्वांत कमी बोलले जाते.

एका दिवसाचे घड्याळ

चाळिशी ओलांडलेल्या, नोकरी सांभाळून वर्षभर तयारी केलेल्या सर्वसाधारण स्पर्धकाचा दिवस कसा जातो ते पाहू. सकाळी सातच्या सुमारास तो पाण्यात उतरतो. सराव बहुतेक तरण तलावात झालेला. तिथे तळाशी काळी रेघ असते, दर पंचवीस मीटरला भिंत असते. समुद्रात यातले काहीच नसते. लाट तोंडावर येते, शेजाऱ्याचा हात डोक्याला लागतो, दिशा चुकू नये म्हणून दर काही हातांनंतर डोके वर काढून तरंगता बोया शोधावा लागतो. ५०-५५ मिनिटांनी तो बाहेर येतो, तेव्हा आठ वाजत आलेले असतात.

मग सायकल. ताशी २५ किलोमीटरचा वेग ठेवला तरी ९० किलोमीटरला साडेतीन तासांहून अधिक लागतात. वारा लागत असल्याने घाम अंगावर ठरत नाही आणि उकाडाही फारसा जाणवत नाही. सायकल जागेवर लावून बूट बदलेपर्यंत पावणेबारा झालेले असतात. आता डोक्यावर सूर्य, अंगाखाली तापलेला डांबरी रस्ता, समुद्रामुळे हवेत भरपूर ओलावा आणि पुढे अर्ध-मॅरेथॉन.

नेमक्या याच सुमारास पहिला आलेला खेळाडू शर्यत संपवून सावलीत बसलेला असतो. त्याला साधारण साडेचार ते पावणेपाच तास पुरतात. म्हणजे त्याची बहुतेक धाव बारा वाजायच्या आत आटोपते. आपला हौशी स्पर्धक मात्र बारा ते अडीच-तीन या वेळात, ऑक्टोबर हीटच्या ऐन भरात धावतो. दोघांच्या पदकावर शर्यतीचे नाव एकच असते, पण एकाने सकाळ पाहिलेली असते आणि दुसऱ्याने दुपार. ज्याची तयारी कमी, वय जास्त आणि उन्हाची सवय थोडी, त्याच्याच वाट्याला अधिक ऊन येते.

घाम गळतो, पण वाळत नाही

स्नायूंना मिळणाऱ्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा प्रत्यक्ष हालचालीत जातो. उरलेल्या पाऊण हिश्शाची उष्णता होते. ७० किलो वजनाचा माणूस ताशी ८ किलोमीटर या संथ वेगाने धावला तरी तासाला सुमारे साडेपाचशे कॅलरी खर्च होतात आणि त्यांतल्या चारशेहून अधिक उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकाव्या लागतात. ही उष्णता अंगातच अडकून राहिली तर दर आठ-नऊ मिनिटांना शरीराचे तापमान एका अंशाने वाढेल. तसे होत नाही याचे श्रेय घामाला. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला, तर सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो.

यातला महत्त्वाचा शब्द ‘वाळला’ हा आहे. घाम नुसता टपकून गेला तर त्याचा उपयोग नाही. किनारपट्टीवर हवा आधीच ओली असते, त्यामुळे घाम येतो भरपूर आणि वाळतो थोडाच. कोरड्या हवेतल्या ३५ अंशांपेक्षा पणजीतले ३२ अंश अधिक छळतात ते यामुळे. पुण्यात पहाटे पाचला, थंड हवेत सराव केलेल्या माणसाला त्याचा वेग ठाऊक असतो, पण तो वेग त्या पहाटेचा असतो. मिरामारच्या दुपारी तोच वेग धरला की शरीराचा जमाखर्च बिघडतो.

शरीर उष्णतेशी जुळवून घेऊ शकते. त्यासाठी १० ते १४ दिवस रोज तासभर उन्हात, बेताने व्यायाम करावा लागतो. या काळात रक्तातला द्रवभाग वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून जाणारे मीठ कमी होते. शुक्रवारी विमानाने उतरून रविवारी शर्यतीला उभे राहणाऱ्याला हा फायदा मिळत नाही. आपल्या गावीच आधीचे दोन आठवडे काही सराव दुपारी केला, तर थोडाफार मिळतो.

शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या वर गेले आणि माणूस बरळू लागला, तोल जाऊ लागला, विचित्र वागू लागला, की तो श्रमजन्य उष्माघात समजावा. अंग घामाने ओले आहे म्हणून उष्माघात नाही, असे मानणे ही नेहमीची चूक आहे. उन्हात नुसते बसलेल्या वृद्धाचा उष्माघात आणि धावणाऱ्याचा उष्माघात यांत हाच फरक आहे. धावणारा बहुधा घामाने निथळत असतो.

यावरचा उपाय स्वस्त आहे आणि सिद्ध झालेला आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात फालमाउथ इथे ऐन उन्हाळ्यात सुमारे ११ किलोमीटरची शर्यत होते. तिथल्या वैद्यकीय तंबूत १८ वर्षांत श्रमजन्य उष्माघाताचे २७४ रुग्ण आले. त्यांना तिथल्या तिथे बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवून गार केले गेले आणि सगळे वाचले. आधी गार करा आणि मग रुग्णालयात हलवा, हा जगभरच्या क्रीडावैद्यकातला नियम अशाच अनुभवांतून पक्का झाला. पहिल्या अर्ध्या तासात तापमान खाली आणणे निर्णायक असते. पॅरासिटामॉलची गोळी इथे निरुपयोगी, कारण हा तापच नव्हे. तेव्हा कोणत्याही शर्यतीत नाव नोंदवण्याआधी आयोजकांना ‘अंतिम रेषेजवळ बर्फाच्या पाण्याचा टब आहे का?’ असे विचारावे. टी-शर्टचा रंग आणि पदकाचा आकार यांपेक्षा हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

पाणी कमी आणि पाणी जास्त

या खेळाचा पहिला दिवस पाण्याच्या एका गमतीदार गोष्टीसाठी आठवला जातो. हवाई बेटांत, ओआहूवर १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण पहिल्यावहिल्या आयर्नमॅनला उभे राहिले. पोहणारा जास्त दमदार की धावणारा की सायकलवाला, या गप्पांतून जॉन कॉलिन्स या नौदल अधिकाऱ्याने तिथल्या तीन वेगवेगळ्या शर्यतींची अंतरे एकत्र जोडली होती. बारा जणांनी ती पूर्ण केली. पहिला आलेला गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटांत पोहोचला. दुसरा आलेल्या जॉन डनबारच्या मदतनीसांकडचे पाणी संपले, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली.

पुढची अनेक वर्षे खेळाडूंना एकच मंत्र दिला गेला : तहान लागण्याआधी प्या, जमेल तितके प्या. त्याची दुसरी बाजू उशिरा कळली. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त अंतिम रेषेवर तपासले गेले. त्यांतल्या १३ टक्के लोकांच्या रक्तातले सोडियम प्रमाणापेक्षा कमी निघाले आणि तिघांचे तर जीव धोक्यात यावा इतके कमी. सर्वांत ठळक कारण आढळले ते शर्यतीत वजन वाढणे, म्हणजे घामावाटे गेले त्यापेक्षा जास्त पिणे. चार तासांहून अधिक वेळ घेणाऱ्यांत हा धोका अधिक दिसला.

त्याचे कारण सरळ आहे. वेगवान धावपटूला पाणी प्यायला फुरसत नसते. संथ धावणारा प्रत्येक टेबलाशी थांबतो, दोन पेले पितो, पुढच्या टेबलाशी पुन्हा दोन. सहा-सात तास हे चालले की रक्त पातळ होते, मेंदूच्या पेशींना सूज येते. लक्षणे कोणती? मळमळ, डोकेदुखी, गळून जाणे, गोंधळलेपण. पाणी कमी पडल्यावरही जवळजवळ हीच लक्षणे दिसतात. त्यामुळे आजूबाजूची माणसे काळजीपोटी आणखी पाणी पाजतात आणि प्रकृती अधिक बिघडते. बोटे सुजली, अंगठी किंवा घड्याळाचा पट्टा घट्ट वाटू लागला, पोट डुचमळू लागले आणि त्यात डोके दुखत असेल, तर पाणी थांबवून वैद्यकीय तंबू गाठायला हवा. तिथेही रक्ततपासणीआधी साध्या सलाइनची बाटली लावण्याची घाई नको. तीव्र प्रकारात अधिक मिठाचे सलाइन थोड्या प्रमाणात द्यावे लागते.

आज तज्ज्ञांचा सल्ला तहान लागेल तसे पिण्याचा आहे. सरावाच्या दिवसांत तासभराच्या धावेआधी आणि नंतर वजन करून पाहावे. एक किलो घटले तर साधारण एक लिटर घाम गेला. हा हिशेब ज्याचा त्याचा वेगळा असतो. शेजारचा दोन बाटल्या पितो म्हणून आपणही पिण्यात अर्थ नाही. घाम पुसताना कपड्यांवर पांढरे डाग उमटत असतील तर मीठ जास्त जाते, हेही ध्यानात ठेवावे.

पोटाचेही तसेच. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर सुमारे दोन हजार कॅलरींची असते आणि या शर्यतीला त्याहून कितीतरी अधिक लागतात. म्हणून तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदके घ्यायला सांगतात. पण धावताना रक्त स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळलेले असते, पोटाच्या वाट्याला थोडेच येते. सरावात कधीही न घेतलेले जेल शर्यतीत पहिल्यांदा खाल्ले की उलटी ठरलेलीच. केळे, खजूर, साखर-मिठाचे पाणी किंवा जेल, जे घ्यायचे त्याचा सराव आधी महिनोन्‌महिने करायला हवा.

पाण्यातली पहिली काही मिनिटे

उन्हाचा धोका डोळ्यांना दिसतो, पाण्यातला दिसत नाही. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळातल्या ट्रायथलॉन स्पर्धांचा एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यू आणि अचानक हृदय बंद पडण्याच्या १३५ घटना त्यात नोंदल्या होत्या आणि त्यांतल्या ९० पोहताना घडल्या होत्या. सरासरी धोका लाखामागे दोनाहून कमी होता, म्हणजे बराच कमी. पण साठी ओलांडलेल्या पुरुषांत तो लाखामागे १८ च्या वर गेला. ज्यांचे शवविच्छेदन झाले, त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांमध्ये हृदयाचा आधीपासूनचा दोष आढळला. त्यांतले बरेचजण स्वतःला ठणठणीत समजत असणार.

आपल्यासाठी यात एक जास्तीची काळजी आहे. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला, इतरांना जवळजवळ ५९ व्या. त्यामुळे चाळिशीनंतर या खेळात उतरणाऱ्याने रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासून डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. घरात कुणी तरुणपणी हृदयविकाराने गेले असेल, व्यायाम करताना छाती भरून आली असेल, भोवळ आली असेल, तर ते सांगावे. ताप किंवा अंगदुखीचा आजार अंगात असताना शर्यतीत उतरू नये. दुखू नये म्हणून आधीच आयबुप्रोफेनसारखी गोळी घेण्याची सवय बऱ्याच गटांत आहे. पाणी आटलेल्या शरीरात तिचा भार मूत्रपिंडावर पडतो आणि ती दुखण्याचा इशाराही दाबून टाकते.

सरपटण्याचे आकर्षण

हा खेळ घरोघरी पोहोचला तो एका पडण्यामुळे. फेब्रुवारी १९८२ मध्ये हवाईतल्या शर्यतीत ज्युली मॉस ही २३ वर्षांची विद्यार्थिनी महिलांत आघाडीवर होती. ती व्यावसायिक नव्हती, शारीरिक शिक्षणाच्या प्रबंधासाठी म्हणून उतरली होती. अंतिम रेषेजवळ तिचे पाय लुळे पडले. ती पडली, उठली, पुन्हा पडली. कॅथलीन मॅकार्टनी तिला मागे टाकून गेली. ज्युली शेवटी हातापायांवर सरपटत रेषेपलीकडे पोहोचली, पहिलीनंतर २९ सेकंदांनी. अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीवर हे दृश्य लाखोंनी पाहिले आणि पुढच्या वर्षांत नाव नोंदवणाऱ्यांची रीघ लागली.

त्या दृश्यातली जिद्द खरी होती. पण त्यातून एक समजूतही रुजली, की कोसळेपर्यंत न थांबणे हाच या खेळाचा धर्म. आज प्रत्येक शर्यतीच्या कडेला ‘थांबू नकोस’, ‘वेदना तात्पुरती असते’ असे फलक असतात. पायात गोळे आलेल्याला ते बळ देतात. ज्याचे आतले तापमान ४० अंशांवर गेले आहे त्याला मात्र ते घातक ठरू शकतात, कारण उष्माघातात सर्वांत आधी जाते ती स्वतःची अवस्था ओळखण्याची शक्ती. तो स्वतः थांबेल, अशी अपेक्षाच चुकीची. त्याला दुसऱ्या कुणीतरी थांबवावे लागते.

वैद्यकीय तंबूत काम करणारे एक साधी खूण वापरतात. अंतिम रेषा ओलांडल्यावर, पाय थांबल्यावर कोसळणारा बहुधा लवकर सावरतो. धावताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. ते अचानक थांबतात आणि रक्त पायांत साठते. आडवे करून पाय वर धरले की काही मिनिटांत बरे वाटते. रेषेच्या आधी, चालू शर्यतीत कोसळणाऱ्याला मात्र गंभीर समजावे. तिथे तापमान, सोडियम, साखर आणि हृदय या चारही गोष्टी लगेच पाहाव्या लागतात. आणि जो कोसळून शुद्धीवर नाही, श्वास घेत नाही, त्याची छाती दाबायला तत्काळ सुरुवात करावी.

शर्यतीला सोबत आलेल्या घरच्यांना यातून एक काम मिळते. मोबाइलवर सरकणारा ठिपका पाहत बसण्यापेक्षा धावेच्या वाटेवर दोन-तीन ठिकाणी उभे राहावे. ‘बाबा, चला, थोडंच राहिलं’ असे ओरडण्याआधी त्यांना एखादा साधा प्रश्न विचारावा : कितवा किलोमीटर चालू आहे? शेवटचे काय खाल्ले? उत्तर सरळ आले आणि माणूस हसून पुढे गेला तर खुशाल ओरडावे. उत्तर अडखळले, भलतेच आले, पावले वाकडी पडू लागली, तर हात धरून सावलीत बसवावे आणि डॉक्टरांना हाक मारावी. त्या क्षणी तो चिडेल, वर्षभराची मेहनत वाया गेली म्हणेल. शर्यत पुढच्या वर्षी पुन्हा असते. नोंदणीचे पैसे, हुकलेले पदक आणि गटातल्या मित्रांची थट्टा, एवढेच नुकसान होते. सरावातून कमावलेली तब्येत तर त्याच्याकडेच राहते.